राणीला कुणी विचारलं होतं?

उल्हास अमोलिक नगरकडचा. वय सत्तावीस, चष्मा जाड, आवाज गोड आणि स्वतःविषयीचं मत त्याहून गोड. सेमिनरीत तो अरामी भाषा शिकला होता, आणि ही गोष्ट भेटेल त्याला दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच सांगून टाकायचा. येशू हीच भाषा बोलायचा, दानिएलाच्या पुस्तकाचा अर्धाअधिक भाग याच भाषेत आहे, वगैरे वगैरे. मिशननं त्याला पाळक म्हणून पाठवलं ते जळकोटला. जळकोट तेव्हा तालुकाही नव्हतं. लातूरचा नवा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती, नव्या जिल्ह्याचं सगळं कौतुक लातुरात चाललं होतं, आणि जळकोटात अरामीवाचून कुणाचं काही अडलेलं नव्हतं.

चर्च म्हणजे अरुंद गल्लीतली एक लांबट, पत्र्याची खोली. समोर माणिकप्पांचं किराणा दुकान. मधे बैलगाडी जाईल एवढीच वाट. दुकान नावाला माणिकप्पांचं, तागडी मात्र त्यांच्या बायकोच्या, लक्ष्मम्मांच्या हातात. पन्नाशी उलटलेली भरदार बाई, कपाळावर भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि तोंडाला विश्रांती म्हणून नाही.

पहिल्याच रविवारी अमोलिकनं योसेफाची गोष्ट घेतली. भावांनी योसेफाला खड्ड्यात ढकललं, इथवर तो आला आणि सेमिनरीत शिकवल्याप्रमाणे दमदार विराम घेतला. त्या विरामात गल्लीपलीकडून खणखणीत आवाज आला.

"मंग?"

अमोलिक दचकला. घसा खाकरून पुढे निघाला. भावांनी त्याला व्यापाऱ्यांच्या हाती विकलं, असं म्हणतो न म्हणतो तोच खिडकीतून पुन्हा आलं, "अय्यो! सख्खे भाऊ म्हनं!"

आत बसलेल्यांपैकी कुणालाच याचं काही वाटलं नाही. मंडळीतले सगळ्यांत वडीलधारे शमुवेलबाबा तर खिडकीकडं बघून मान डोलावत होते. अमोलिकचं प्रवचन मात्र तिथंच कोलमडलं. मिसर देशात योसेफाचं काय झालं ते त्यानं कसंबसं उरकलं आणि आशीर्वाद देऊन मोकळा झाला.

त्या बाजूची ती रीतच होती. कुणी गोष्ट सांगायला बसलं की ऐकणाऱ्यांपैकी एकानं हुंकारा भरायचा. सांगणारा थांबला की "हां", "मंग?", "आसं व्हय" असं काहीतरी टाकायचं, म्हणजे सांगणाऱ्याला हुरूप येतो आणि बाकीच्यांना झोप येत नाही. लक्ष्मम्मांचे सासरे संध्याकाळी ओट्यावर बसून पुराण सांगायचे, आणि लग्न होऊन आल्यापासून हुंकारा या सुनेचा. सासरे गेले, पुराण थांबलं. हुंकारा थोडाच थांबतो? आधीचे पाळक गल्लीत मुरलेले होते. ते तर लक्ष्मम्मा कुठं गावाला गेल्या की प्रवचनच आखूड करायचे.

हे अमोलिकला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानंही कुणाला विचारलं नाही. सोमवारी सकाळी तो तावातावानं दुकानात गेला.

"लक्ष्मम्मा, उपासना चालू असताना मध्ये बोलत जाऊ नका. तुम्हाला कोणी काही विचारलेलं नसतं."

लक्ष्मम्मा शेंगदाणे तोलत होत्या. त्यांचा हात थांबला. "चुकलं बगा पादरीसाहेब," त्या म्हणाल्या. "न्हाई बोलनार."

आणि त्यांनी शब्द पाळला. त्यांच्याबरोबर सगळ्या गल्लीनं पाळला. नव्या पादरीसाहेबांना मध्ये बोललेलं खपत नाही, ही बातमी शिंप्याच्या मशीनपासून एस.टी. थांब्यावरच्या लिंबापर्यंत दुपारच्या आत पोचली. पुढच्या रविवारपासून खिडकीबाहेर अशी शांतता, की अमोलिकला आपल्या विजयाचा फार अभिमान वाटला.

तो अभिमान काही टिकला नाही. त्या वर्षी पाऊस कमी पडला. पुढच्या वर्षी तर पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. मंडळीतली तरणी माणसं कामासाठी निजामाबादकडं गेली, काही किनवटच्या बाजूला जंगलखात्याच्या कामावर गेली. चटईवर म्हातारी माणसं तेवढी उरली. अमोलिक त्यांच्यासमोर आपलं सगळं कसब पणाला लावायचा. ती माणसं गुडघ्यांवर हात ठेवून, माना खाली घालून बसायची. विराम घेतला की पत्र्यावर चिमण्या चालल्याचं ऐकू यायचं. आपण कोरड्या आडात खडे टाकतोय, असं त्याला वाटू लागलं. कशाचा आवाज म्हणून येत नव्हता.

शेवटी उदगीरला पाळकांची बैठक होती तेव्हा त्यानं अधीक्षक भांबळसाहेबांना गाठलं आणि मनातलं बोलून टाकलं. साहेब, मला लातूरला घ्या. तिथं कॉलेजची मुलं आहेत, शिकलेली मंडळी आहे. जळकोटात माझं कोणी ऐकत नाही.

भांबळसाहेब कमी बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "नव्या जिल्ह्याप्रमाणे आपल्यालाही मांडणी बदलायचीच आहे. मी एका रविवारी येऊन बघतो. लोकांना गरज नसेल तर तिथलं चर्च बंद करू. महिन्यातून एकदा उदगीरहून कुणीतरी जाऊन येईल. तुम्ही लातूरला या."

अमोलिक परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून शीळ घालत आला.

साहेबांच्या येण्याला आठवडा उरला होता. अमोलिकनं रविवारच्या प्रवचनांना दानिएलाचं पुस्तक लावलेलंच होतं. साहेबांसमोर बेलशस्सर राजाच्या मेजवानीचा अध्याय येत होता, आणि अमोलिक मूळ अरामी पाठ उघडून तयारीला बसला. गोष्ट मोठी रंगतदार. राजा सरदारांबरोबर पीत बसलाय, मंदिरातून लुटून आणलेल्या सोन्याच्या भांड्यांतून. एवढ्यात हवेत माणसाच्या हाताची बोटं दिसतात आणि भिंतीवर अक्षरं लिहून जातात. कुणालाच ती वाचता येत नाहीत. राजाचे गुडघे एकमेकांवर आपटतात. सगळे शहाणे बोलावले, सगळे हरले. तेवढ्यात राणी आत येते. आणि मूळ पाठात लिहिलंय, राणीनं उत्तर दिलं.

तिथं अमोलिक अडला. शब्द होता 'अना'. उत्तर देणे. पण उत्तर कुणाला? राणी तर मेजवानीत नव्हतीच. बाहेर होती. आतला गोंधळ ऐकून आपणहून आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी काही विचारलं नव्हतं. त्यानं मागची पानं चाळली. सगळ्या पुस्तकात हाच प्रकार. राजा महालाच्या गच्चीवर एकटा फिरतोय आणि 'उत्तर देतो'. दानिएलाला रात्री रहस्य उलगडतं आणि तो देवाला 'उत्तर देतो'. सेमिनरीतले म्हातारे सर यावर काहीतरी सांगत असत. समोर जे घडतंय तेच माणसाला विचारत असतं, त्यावर जो तोंड उघडतो त्यानं उत्तर दिलं, असं म्हणायची ही तऱ्हा आहे म्हणे. तेव्हा अमोलिकनं ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं आणि पेपर संपल्यावर विसरला होता.

डोकं जड झालं तसा तो चहापत्ती आणायला समोर गेला. दुकानात लक्ष्मम्मा एकट्याच होत्या. त्यांनी पुडी बांधली, दोरा गुंडाळला, तोडला, पण पुडी काही हातातून सोडेनात.

"पादरीसाहेब, येक इचारू का? आता उपासना चालू न्हाई, म्हनून इचारते."

"विचारा ना."

"त्यो गवत खाल्लेला राजा. त्याला माघारी अक्कल आली का न्हाई? तुमी रविवारी त्याला तसंच रानात सोडून दिलात. तवापासून माज्या घशाखाली घास उतरंना. राजा मानूस, आन् बैलावानी चरून राहिला!"

अमोलिक बघतच राहिला. गेल्या रविवारी वेळ संपली म्हणून त्यानं गर्वापायी वेड लागलेल्या नबुखद्नेस्सर राजाला खरंच गवत खाता खाता सोडलं होतं. आत बसलेल्यांपैकी कुणीही त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"तुम्हाला कसं माहीत?"

"आयकलं की! पैल्या रविवारपासून आयकून राहिले. मीच काय, समदी गल्ली आयकती. औंदा रानात काम न्हाई, मानसं येऊन ओट्यावर बसत्यात. चंद्रप्पा शिंपी मशीन बंद ठिवतो त्या टायमाला. उदगीरच्या गाडीला थांबलेली मानसं गाडी सोडत्यात येकांदी."

"मग कोणी काही बोलत का नाही?"

"तुमीच तर म्हनलात बोलू नका म्हनून," लक्ष्मम्मा साधेपणानं म्हणाल्या. "तोंडावर पदर धरून बसते मी. लई जड जातं बगा."

अमोलिकला हसू आलं आणि त्याच वेळी कानशिलं तापली. त्यानं राजाला अक्कल परत आल्याचं सांगितलं. लक्ष्मम्मांनी सुटकेचा असा श्वास टाकला की तागडी हलली. मग कशी कोण जाणे, पण त्यानं राणीची गोष्टही काढली. म्हणाला, तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तरी पुस्तकात लिहिलंय की तिनं उत्तर दिलं, याचं मला कोडं पडलंय.

"त्यात कोडं कशाचं?" लक्ष्मम्मा म्हणाल्या. "आत येवढा कालवा चाललेला, मानसाचे गुडघे वाजून राहिलेत. तिला बलवाया कोन जानार? समदे पिऊन बसलेले. घरच्या बाईनं आसं टायमाला इचारन्याची वाट बगत बसावं काय?"

तेवढ्यात मागच्या दारानं माणिकप्पा आले, त्यांच्यामागून गिऱ्हाईक आलं, आणि अमोलिकला जे बोलायचं होतं ते ओठांवरच राहिलं. माझं चुकलं, तुम्ही बोलत जा, एवढं साधं वाक्य. पुडी घेऊन तो घरी आला. चहा केला आणि प्यायचा विसरला. दीड वर्ष सगळी गल्ली पदर आणि पटके तोंडाला लावून आपलं ऐकत बसली होती, आणि आपण अधीक्षकांना जाऊन सांगितलं की कोणी ऐकत नाही! त्याला इतका आनंद झाला होता की लाज वाटायलासुद्धा थोडा वेळ लागला. लातूर त्याच्या मनातून उतरलं ते उतरलंच. पण आता सांगायचं कुणाला? मागणी त्यानंच केली होती, साहेब त्याच्याच शब्दावर येत होते. साहेबांसमोर आपणहून तोंड उघडायची मिशनमध्ये पद्धत नव्हती. ते विचारतील तेवढंच बोलायचं.

रविवारी भांबळसाहेब जीपमधून आले. पांढरा झगा, पांढरे केस, हातावर घड्याळ. आत चटईवर म्हातारी मंडळी आणि मंडळीतल्याच सरजाबाई आपल्या दोन जावांबरोबर, एवढीच. साहेबांनी त्यांच्यावरून नजर फिरवली आणि अमोलिकला कळलं की त्यांचं मोजून झालं. बाहेर चिडीचूप. एवढा मोठा साहेब आलाय म्हटल्यावर गल्लीनं श्वाससुद्धा हळू घ्यायचं ठरवलं असावं.

अमोलिकनं प्रवचन सुरू केलं. आज त्याचा आवाज खिडकीकडं जात होता, त्याला आवरत नव्हता. सोन्याची भांडी आली, बोटं आली, भिंतीवरची अक्षरं आली, राजाचे गुडघे वाजले. "आणि तेवढ्यात," तो म्हणाला, "दारातून राणी आत आली."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि उठले. त्यांना दुपारी उदगीरला दुसरी सभा होती. "पाळकसाहेब, क्षमा करा. मला निघण्याआधी मंडळीशी दोन शब्द बोलायचे आहेत." मग चटईकडं वळून त्यांनी सरळ विचारलं, "तुम्हाला इथं कायमचा पाळक हवा आहे का? की उदगीरहून महिन्यातून एकदा कोणी आलं तरी चालेल?"

कुणी बोलेना.

आता इथं एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, जी साहेबांना ठाऊक नव्हती. निजामाच्या अमदानीपासून त्या भागात मोठ्या माणसानं काही देऊ केलं की पहिल्या विचारण्याला मान खाली घालायची. लगेच 'हाव' म्हणणं, म्हणजे होकार देणं, हा हावरेपणा. जेवायला बसा म्हटल्याबरोबर कुणी पाटावर बसतं का? दुसऱ्यांदा विचारलं की वडीलधाऱ्याकडं बघायचं, तिसऱ्यांदा विचारलं की वडीलधाऱ्यानं बोलायचं. त्याप्रमाणे सरजाबाईनं मान घातली, जावांनी घातली, शमुवेलबाबांनी तर डोळेच मिटून घेतले. सगळे मोठ्या अदबीनं दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसले.

साहेबांनी पुन्हा घड्याळाकडं नजर टाकली. मग म्हणाले, "ठीक आहे. मी समजलो."

अमोलिक एक पाऊल पुढे आला. ही रीत दीड वर्षात त्याला माहीत झाली होती. थांबा साहेब, आणखी एकदा विचारा, एवढंच म्हणायचं होतं. पण आपणहून न बोलायची पद्धत आडवी आली. साहेबांनी प्रार्थनेसाठी हात वर केला.

"न्हाई समजलात!"

आवाज खिडकीतून आला आणि पाठोपाठ माणूस दारातून आला. लक्ष्मम्मा. चपला बाहेर काढलेल्या, पदर डोक्यावर घेतलेला, एका हाताला बेसन तसंच. दीड वर्ष दाबून धरलेलं तोंड, ते आता काय थांबतंय!

"पादरी हवाय. हवाय म्हंजे हवाच. आसं कसं म्हनता समजलो म्हनून?"

साहेबांचा हात हवेतच राहिला. "आपण या मंडळीच्या सभासद आहात?"

"न्हाई जी. मी समोरची. आमचा देव येगळा, पर गोष्टीला काय देव आडवा येतोय? आयकायला कान लागत्यात, ते शंकरानं दिलेत की." त्या दाराकडं वळल्या. "तुमी आतली तेवढी मोजलात, साहेब. भाईरची बी मोजा."

साहेब दारापर्यंत गेले. अमोलिकही मागोमाग गेला. दुकानाच्या ओट्यावर माणसं होती, ओट्याखाली होती, शिंप्याच्या पायऱ्यांवर होती. पटकेवाले शेतकरी, पोरं काखेत घेतलेल्या बाया, मान खाली घातलेले माणिकप्पा, आणि एक एस.टी.चा कंडक्टर, ज्याची गाडी कोपऱ्यावर उभी असावी. साहेब दिसताच सगळे उठून उभे राहिले.

"तुम्ही सगळे प्रवचन ऐकायला येता?" साहेबांनी विचारलं.

लोकांनी माना खाली घातल्या. पहिलंच विचारणं होतं ना!

"बगा, आता हे बी गप!" लक्ष्मम्मा कडाडल्या. "आरं चंद्रप्पा, मशीन कुनासाठी बंद ठिवतोस तू? सांग की!"

आणि मग मात्र बांध फुटला. चंद्रप्पा बोलला, कंडक्टर बोलला, माणिकप्पांनी लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोच्या आधी वाक्य पुरं केलं. आतून सरजाबाई तणतणत उठल्या. "आमच्या चर्चचं उत्तर लक्ष्मम्मा देती आन् आमी बसून राहावं काय? साहेब, पाळक आमचा हाय! पैला हक्क आमचा!" शमुवेलबाबांनी डोळे उघडून काठी आपटली आणि तिसरं विचारणं होण्याआधीच तीनदा सांगितलं, की हवा, हवा, हवा. एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू येईना. तेवढ्या पत्र्याखाली तेवढा आवाज यापूर्वी कधी झाला नसेल.

भांबळसाहेब कमी बोलणारे, तसे कमी हसणारेही. पण आता ते चष्मा काढून डोळे पुसत हसत होते. हळूहळू गलका शमला. साहेबांनी चष्मा परत घातला.

"तुमचं म्हणणं कळलं," ते म्हणाले. "पण एक अडचण आहे. चर्च मी ठेवीन. पाळकाचं काय? लातूरची बदली अमोलिकांनी स्वतः मागितली आहे."

सगळ्या माना अमोलिककडं वळल्या. लक्ष्मम्मांनी तोंड उघडलं आणि मिटलं. हे उत्तर त्यांना देता येण्यासारखं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. आम्ही तर तुमच्यासाठी गप्प बसलो, असं त्यांचे डोळे म्हणत होते.

अमोलिकला कुणी काही विचारलं नव्हतं. साहेबांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नव्हतं, ते जीपच्या दिशेनं बघत होते. पद्धतीप्रमाणे त्यानं हात बांधून उभं राहायचं, साहेब ठरवतील ते ऐकायचं आणि सोमवारी ट्रंक भरायची. त्याच्या डोळ्यांसमोर गल्ली उभी होती. बेसनाचा हात पदराला पुसत असलेली ती बाई, कोपऱ्यावर खोळंबलेली एस.टी., उन्हात ताटकळलेली पोरं. तो पुढं सरसावला, पण नगरची शुद्ध भाषा काही केल्या आठवेना.

"साहेब," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज ओट्यापर्यंत गेला, "मी कुठंच न्हाई जानार. मी हितंच राहून राहिलो!"

गल्ली अशी हसली की लिंबावरचे कावळे उडाले. माणिकप्पांनी मांडीवर थाप मारली, सरजाबाईनं बोटं कानशिलावर मोडली, आणि भांबळसाहेबांनी उदगीरच्या सभेला उशीर झाल्याचा निरोप देण्यासाठी ड्रायव्हरला जीपसकट उदगीरला पिटाळलं. स्वतः चटईवर शमुवेलबाबांशेजारी मांडी घालून बसले. बाहेरची माणसं आत येऊ लागली. ज्यांना जागा मिळाली नाही ती खिडकीला लागली.

अमोलिक पुन्हा पुस्तकामागं उभा राहिला. अक्षरं दिसत नव्हती, डोळे भरले होते, आणि ते लपवायचं त्यानं काही मनावर घेतलं नाही. गोष्ट त्याला पाठ होती.

"तर राणी आत आली," त्यानं सांगायला सुरुवात केली, "आणि तिनं राजाला उत्तर दिलं."